कपामागे दोन रुपये

पत्र

नाशिकहून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. वय ३६, माहेर निफाडकडचं, वडील कांदा आणि थोडी द्राक्षं करतात. नवरा-बायकोनं चार वर्षांपूर्वी नोकऱ्या सोडून शहरात छोटा कॅफे काढला. दिवसाला साठेक कप कॉफी जाते, कॅपुचिनो १८० रुपये. गेल्या जानेवारीत दोघं कर्नाटकातल्या कोडगूला (कूर्गला) एका कॉफीमळ्यातल्या होमस्टेत राहून आली. कमरेला पोतं बांधून फळं तोडणाऱ्या बायका, संध्याकाळची वजनं, मळ्याच्या टोकाला एका रांगेतल्या खोल्या आणि त्यांच्या दारात खेळणारी पोरं हे सगळं पाहून आल्यापासून मेन्यूकार्डावरचा १८० चा आकडा त्यांना बोचतो. सध्याचा पुरवठादार म्हणतो, प्रमाणपत्राचा शिक्का असलेली कॉफी घ्या, किलोला अडीचशे जास्त पडतील. मळ्याचे मालक म्हणतात, मधला दलाल कशाला, थेट माझ्याकडून २०० किलो घ्या, निम्मे पैसे आगाऊ द्या. नवरा म्हणतो, आपण धंदा करतोय की धर्मादाय? शिवाय कॉफीचे भाव दुपटीनं वाढलेत, म्हणजे शेतकऱ्याला मिळतंयच की. त्या विचारतात, "मी शेतकऱ्याची मुलगी आहे. शेतकऱ्याला नागवून मला कॉफी विकायची नाही. मग नेमकं कुणाकडून घेऊ? आणि मेन्यूकार्डावर काय लिहू?"

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही पत्रभर 'शेतकरी' म्हणता, पण दर वेळी तुमच्या डोळ्यासमोर वेगळा माणूस असतो. एकदा ती पोतं बांधलेली बाई, एकदा तुम्हाला जेवायला वाढणारे मळ्याचे मालक, आणि बहुतेक वेळा तुमचे वडील. ही तीन माणसं एकाच ताटात जेवत नाहीत. त्यामुळे 'कुणाकडून घेऊ' याच्या आधी 'कुणासाठी घेऊ' हे ठरवावं लागेल.

मालकांपासून सुरुवात करू. होमस्टे, अंगणात जीप, आजोबांच्या काळातलं कौलारू घर असं तुम्ही लिहिलंय. ही मंडळी वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, पण तुमच्या जास्तीच्या पैशांवाचून त्यांचं अडत नाही. गंमत म्हणजे कॉफी बोर्डाच्या हिशेबात दहा हेक्टरपर्यंतचा बागायतदार 'लहान' धरतात. पंचवीस एकर! निफाडमध्ये पंचवीस एकर बागायत असलेल्याला कुणी लहान म्हणून दाखवावं. मात्र त्याच 'लहान' रकान्यात दोन-तीन एकरवालेही असतात आणि संख्येनं तेच जास्त आहेत. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात तर आदिवासी कुटुंबांकडे डोंगरउतारावर एक-दोन एकर कॉफी असते. त्यांच्याकडे ना होमस्टे, ना माल साठवायला गोदाम. त्यांना तुमच्यासारखी गिऱ्हाइकं भेटतच नाहीत, कारण तुम्ही सुट्टीत त्यांच्याकडे उतरत नाही.

आणि ती बाई. तिच्याकडे सातबारा नाही, म्हणजे सरकारी भाषेत ती शेतकरीच नाही. तिला तोडणीचे पैसे किलोवर किंवा रोजावर मिळतात. कॉफीचा भाव दुप्पट झाला म्हणून तिचा रोज दुप्पट झालेला नाही. कोडगूत पिढ्यान् पिढ्या येरवा, जेनु कुरुबा असे आदिवासी मळ्यांवर राबत आलेत, आता आसामकडूनही बरेच मजूर येतात. तुम्ही पाहिलेल्या रांगेतल्या खोल्यांना तिथे 'लाइन मने' म्हणतात, म्हणजे चाळच. घर मालकाचं, काम मालकाचं, आणि बऱ्याचदा डोक्यावर मालकाची उचल. 'उचल' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बीडच्या ऊसतोड कामगारांमुळे तो आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता तुमच्या १८० रुपयांकडे येऊ. हा आकडा बोचतो म्हणता, तर तो एकदा फोडून पाहू.

एका कॅपुचिनोला तुम्ही साधारण १८ ग्रॅम भाजलेली कॉफी वापरत असाल. भाजताना वजन पंधरा-सोळा टक्क्यांनी घटतं, म्हणजे कच्चं बी साडेएकवीस ग्रॅम लागलं. एका फळात दोन बिया. म्हणजे तुमच्या एका कपासाठी कुणीतरी साठ-सत्तर फळं हातानं तोडलेली असतात, आणि चांगली कॉफी हवी असेल तर फक्त लाल झालेली, निवडून. २०२४-२५ च्या हंगामात चांगल्या अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींतली एक, दुसरी रोबस्टा) पार्चमेंटनं पन्नास किलोच्या पोत्याला २० हजारांचा टप्पा ओलांडला. पार्चमेंट म्हणजे धुऊन वाळवलेलं, पण वरचं टरफल अजून न काढलेलं बी. पोत्यातून चाळीस किलोच्या आसपास साफ बी निघतं. म्हणजे किलोला पाचशे. तुमच्या कपात मळेवाल्याचे झाले पावणेअकरा रुपये. पोतं नऊ-दहा हजाराला जात होतं, तेव्हा हेच पाच रुपये होते. (त्याच कपातल्या दीडशे मिली दुधाचे नऊ-दहा रुपये होतात. दूधवाल्या शेतकऱ्याला न्याय मिळतोय का, असं मात्र मला आजवर एकाही कॅफेवाल्यानं विचारलेलं नाही. असो.)

उरलेले १७० रुपये कुणी लुटले असं समजू नका. त्यात तुमचं भाडं आहे, वीज आहे, दोन मुलांचे पगार आहेत, मशीनचा हप्ता आहे, भाजणाऱ्याचा खर्च आहे. १८० मधले अकरा हे प्रमाण ऐकायला वाईट वाटतं, पण त्यावरून अन्याय सिद्ध होत नाही. मला त्यात वेगळंच दिसतं. तुम्ही कच्च्या बियाला बाजारभावापेक्षा किलोमागे शंभर रुपये जास्त द्यायचे ठरवले, तर कपामागे किती पडतात? दोन रुपये पंधरा पैसे. वर्षाला तुमचे बावीस हजारांच्या आसपास कप जात असतील, त्यांना पावणेपाचशे किलो बी लागेल, म्हणजे वर्षाचे सत्तेचाळीस हजार. हा कागद नवऱ्यापुढे ठेवा. धर्मादाय की धंदा हा वाद कपामागे दोन रुपयांचा आहे. मेन्यूवर १८० चे १८५ केलेत तर किती गिऱ्हाइकं तुटतील, हे गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नवऱ्याचं दुसरं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. भाव खरंच वाढलेत. ब्राझीलमध्ये २०२१ चं कडाक्याचं हिव आणि नंतरचा दुष्काळ, व्हिएतनाममध्ये पाऊस नाही, त्यात तिथल्या काही शेतकऱ्यांनी कॉफी उपटून दुरियान नावाचं फळ लावलं, कारण चीनला ते सोन्याच्या भावानं जातं. या सगळ्यानं फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला (म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला) चार डॉलरवर गेली. आपल्याकडे रोबस्टा चेरीचं (सालीसकट वाळवलेल्या फळांचं) पोतं वर्षानुवर्षं तीन-चार हजारांत रखडलं होतं, ते दहा हजारांच्या वर गेलं. कोडगूत लोकांनी कर्जं फेडली, नव्या गाड्या घेतल्या. कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. कांदा पाच हजारांवर जातो त्या वर्षी तुमच्या घरीही ट्रॅक्टरचा हप्ता एकदम फिटला असेल.

पण तुम्ही कांदावाल्याच्या घरच्या आहात. चढता भाव पाहून तुमचे वडील कधी निर्धास्त झालेत का? कॉफीचंही तेच आहे. १९६२ पासून कॉफी पिकवणारे आणि पिणारे देश आपसात कोटे ठरवून भाव सांभाळत होते. १९८९ च्या जुलैत ती व्यवस्था मोडली. आपल्याकडे १९४२ च्या कायद्यानं सगळी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी लागे आणि पैसे हप्त्याहप्त्यानं, उशिरा येत. आपल्या कापूस एकाधिकाराचाच थोरला भाऊ म्हणा. तेही १९९६ पर्यंत पुरतं सुटलं आणि बागायतदार मोकळे झाले. मोकळे झाले आणि पाच वर्षांत आपटले. २००१ मध्ये जागतिक भाव पौंडाला पन्नास सेंटच्या खाली गेला, तोडणीची मजुरी सुटेना. उसाला निदान एफआरपी आहे, कारखान्यानं थकवली तरी भांडायला एक आकडा आहे. कॉफीला हमीभाव नाही, कांद्यालाही नाही. म्हणून 'न्याय्य भाव' म्हणजे किती रुपये, असं तुम्ही विचारता तेव्हा मी उलट विचारेन, भाव पडेल त्या वर्षी तुम्ही काय करणार आहात? तेजीत चार पैसे जास्त द्यायला कुणीही तयार असतं.

शिक्क्याचं आता बघू. पुरवठादारानं 'प्रमाणपत्र' म्हटलं, पण कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक त्यानंही सांगितलं नसावं. शिक्क्या-शिक्क्यांत फार अंतर आहे. फेअरट्रेडचा शिक्का असेल तर त्यात तळाचा भाव बांधलेला असतो. धुतलेल्या अरेबिकाला तो पौंडाला १.४० डॉलर होता, ऑगस्ट २०२३ पासून १.८० केला. त्यावर २० सेंटचा अधिभार, तो शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतो आणि कशावर खर्च करायचा हे सभासद ठरवतात. बाजार चार डॉलरवर असताना १.८० चा तळ कुणाच्या कामाचा नाही. तो छत्रीसारखा आहे, पाऊस येईल तेव्हा उघडेल. आणि हे नीट ऐका, कॉफीत हा शिक्का छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनांना, सहकारी संस्थांनाच मिळतो. तुमच्या होमस्टेवाल्यांसारख्या एकट्या मळेवाल्याला तो मिळतच नाही.

हिरव्या बेडकाचं चित्र असेल तर तो रेनफॉरेस्ट अलायन्सचा. त्यात झाडं, फवारणी, बालमजुरी, मजुरांची वागणूक हे तपासतात. चांगली गोष्ट आहे. पण तळाचा भाव त्यात बांधलेला नाही. म्हणजे एका शिक्क्यात छत्री आहे आणि दुसऱ्यात रान, आणि पुरवठादार दोन्हींना 'सर्टिफाइड' एवढंच म्हणतो.

आता त्याचे अडीचशे रुपये. फेअरट्रेडचा २० सेंटचा अधिभार किलोला मोजला तर चाळीस रुपयांच्या आतबाहेर येतो. मग बाकीचे दोनशे कशाचे? तपासणीचा खर्च असतो, माल वेगळा ठेवावा लागतो, कॉफी मुळातच वरच्या दर्जाची असू शकते. सगळं शक्य आहे. तुम्ही फक्त विचारा. "मळेवाल्याला किंवा संस्थेला किलोमागे किती पोचले?" असा साधा प्रश्न. चांगले रोस्टर (कॉफी भाजून विकणारे) हल्ली हा आकडा सांगतात, काही तर पाकिटावर छापतात. जो "मॅडम, ते गोपनीय असतं" म्हणेल त्याच्याकडून शिक्का घेण्यापेक्षा साधीच कॉफी घ्या, पैसे वाचतील.

दलालाबद्दल तुम्ही फार कडक लिहिलंय. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यावर ते साहजिक आहे, पण मी त्या शब्दावर एवढ्या लवकर चिडत नाही. कोडगूतला दोन एकरवाला जानेवारीत तोडणीला लागतो तेव्हा मजुरांना दर आठवड्याला रोख द्यावी लागते. ती रोख बँक देत नाही, गावातला व्यापारी देतो. तो दारात येऊन माल उचलतो, वाहतूक करतो, दोनशे जणांच्या चार-चार गोण्या एकत्र करून क्युअरिंगच्या (टरफल काढून बी साफ करणाऱ्या) गिरणीत पाठवतो. हे काम कुणीतरी करायलाच हवं. गडबड होते ती पुढे. रोबस्टाचा सौदा 'ओटी'वर होतो. ओटी म्हणजे आउटटर्न, पन्नास किलो वाळल्या फळांतून साफ बी किती किलो निघेल तो आकडा. अठ्ठावीस निघेल म्हटलं तर ओटी अठ्ठावीस, आणि पॉइंटला ३६० चा दर असेल तर पोतं १०,०८० ला गेलं. आता हा आकडा नमुन्यावरून ठरवतो कोण? व्यापारी. त्यानं सव्वीस म्हटलं की पोत्यामागे ७२० रुपये गेले, आणि त्याची उचल घेतलेला माणूस दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊही शकत नाही. हा आपला कडताच (वजनातून मनमानी कापलेली घट) आहे, नाव तेवढं इंग्रजी.

म्हणून मध्ये माणूस आहे की नाही यावरून मला काही कळत नाही. वजन आणि ओटी कुणी मोजला, पैसे किती दिवसांत मिळाले, हे कळलं की पुष्कळ कळतं. द्राक्षं घेऊन गेलेला व्यापारी पुन्हा फिरकला नाही, असं एखादं तरी वर्ष तुमच्या घरात असेल. तोही 'थेट खरेदी'च करत होता.

तर मालकांचा प्रस्ताव. आगाऊ पैसे मागणं हे वाईट नाही. उलट तोडणीच्या तोंडावर मिळालेले पैसे हंगामानंतरच्या चढ्या भावापेक्षा जास्त उपयोगी पडतात, आणि छोट्या मळेवाल्याला उचलीतून सोडवायचा तोच एक मार्ग आहे. पण तो उपयोग होमस्टेवाल्यांना किती? आणि २०० किलो कच्चं बी म्हणजे तुमचा पाच महिन्यांचा माल. भाजणार कोण? तुमच्याकडे भाजायचं मशीन नाही. म्हणजे आधी मजुरीवर भाजून देणारा रोस्टर गाठायला हवा. आत्ताच्या पुरवठादारालाच विचारून बघा, पुष्कळ जण देतात. आणि ठेवणार कुठे? पार्चमेंट असो की साफ बी, नाशिकचा पावसाळा त्याला मानवत नाही. दमट हवेत बी पांढुरकं पडतं आणि कपात गोणपाटाची चव उतरते. कॅफेच्या माळ्यावर साखरेच्या पोत्याशेजारी ठेवलंत तर विचारायलाच नको.

पहिल्या वर्षी तीस किलो घ्या, फार तर साठ. आधी अर्धा किलोचा नमुना मागवून, भाजून, गिऱ्हाइकांना न सांगता आठवडाभर पाजून बघा. चव चांगली नसेल तर सगळी सहानुभूती चार महिन्यांत आटते, तुमचीही. जमलं तर पुढच्या वर्षासाठी कागद करा. तीन वर्षांचा, दोन पानांचा, वकील लागत नाही. त्यात भाव असा बांधा की बाजार पडला तरी एका आकड्याच्या खाली तुम्ही जाणार नाही आणि बाजार चढला तर तुम्ही बाजारभावावर वीस-पंचवीस रुपये द्याल. तो खालचा आकडा मी सांगणार नाही. मालकांना उत्पादनखर्च विचारा. मजुरी, खत, बोर्डो, फुलोऱ्याच्या वेळचं पाणी. बोर्डो शब्द ऐकून वडील हसतील. द्राक्षावर मारतात तेच कॉफीच्या तांबेऱ्यावरही मारतात. खर्चावर थोडा नफा धरून आकडा ठरवा आणि तो मंदीतही पाळा. निम्मे पैसे तोडणीच्या वेळी, उरलेले माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत. नवऱ्याला हेही पटेल, कारण तीन वर्षं तुमचाही कच्च्या मालाचा भाव वेडावाकडा उडणार नाही. गेल्या दोन वर्षांत पुरवठादारानं किती वेळा दर वाढवले, ते त्यालाच आठवत असेल.

आणि हा कागद मी होमस्टेवाल्यांशी करण्याआधी एक करेन. त्यांना म्हणेन, तुमच्या शेजारी दोन-चार एकरवाले कोण आहेत? त्यांचाही माल तुम्ही तुमच्या यार्डावर वाळवून, तुमच्या काट्यावर मोजून, त्यांच्या नावानं देऊ शकाल का? हे मालक खरंच चांगले असतील तर इथे कळेल. नाही म्हणाले, तर अराकूसारख्या ठिकाणच्या आदिवासी सहकारी संस्थांची कॉफी भाजणारे रोस्टर आता मोठ्या शहरांत आहेत, त्यांच्याकडून घ्या. तुम्हाला एकाही मळ्यावर फोटो काढून घेता येणार नाही, पण तुमचे दोन रुपये जिथे जास्त लागतात तिथे पोचतील. (चिखलदऱ्याची कॉफी घेऊ का, असा तुमच्या पत्रात शेवटी तळटीपेसारखा प्रश्न आहे. महाराष्ट्रात कॉफी होते ती मुख्यतः तिथेच, हे खरं. पण ती इतकी थोडी की वर्षभराचा कॅफे तिच्यावर चालणार नाही. मेळघाटात गेलात तर पाव किलो घरी जरूर आणा.)

रानाबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, पण माझ्या मते तिथेच तुमच्या पैशाला जास्त मोल आहे. आपल्या देशातली कॉफी सावलीत होते. वर फणस, जांभूळ, नांदुर्की, शिसवी, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, खाली कॉफी. ब्राझीलसारखी उघड्या उन्हातली शेतं इथे फारशी नाहीत. सावलीमुळे अरेबिकाच्या खोडकिडीला थोडा आळा बसतो, माती धरून राहते, आणि कावेरी याच डोंगरात उगम पावते. पण सावली दाट ठेवली की उतारा थोडा कमी येतो. भाव चढला की माणूस फांद्या जरा जास्तच छाटतो. त्यात सिल्व्हर ओक. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, सरळसोट, भराभर वाढतं, मिरी छान चढते आणि तोडून विकायला फारशी कटकट नाही. देशी झाडाचं तसं नाही. कोडगूत जमिनीचे जुने प्रकार आहेत आणि काही जमिनींवरच्या मोलाच्या झाडांवर मालकी सरकारची. स्वतःच्या मळ्यातली शिसवी स्वतःची नाही, मग ती जपायची कुणी? माणूस ओक लावतो. त्याला लोभी म्हणू नका, तुम्हीही तेच केलं असतंत.

तेव्हा मळ्यावर गेलात की वर बघा. झाडं किती जातींची आहेत, एकाच उंचीची आहेत की नाहीत. मग खाली उतरून पल्परपाशी (फळाची साल काढायच्या यंत्रापाशी) जा. तुमच्या कॅफेला लागते ती धुतलेली कॉफी. फळाची साल काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली. तिला पाणी भरपूर लागतं आणि ते मळकट, आंबट पाणी टाकीत जातं की ओढ्यात, हे तिथे उभं राहिल्यावर नाकालाच कळतं. ओढ्यात जात असेल तर आपल्या कागदात एक ओळ वाढवा: टाकी बांधायचा खर्च दोन वर्षांत थोडा थोडा आपण उचलू. किंवा फळ तसंच वाळवलेली कॉफी घ्या, जिला चेरी म्हणतात. तिला धुवायचं पाणी लागत नाही. चव वेगळी लागते, फळासारखी, थोडी दारूसारखी. काही गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतील, काही तिच्यासाठीच येतील.

त्या बाईचं काय, हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. १९५१ साली मळ्यांवरच्या मजुरांसाठी केंद्राचा कायदा आला. घर, दवाखाना, पाळणाघर ही मालकाची जबाबदारी ठरली. पण लहान मळे त्याच्या बाहेरच राहिले. तुमच्या वाढीव शंभर रुपयांतले तिच्यापर्यंत किती जातात, हे तुम्ही नाशिकमध्ये बसून बघू शकत नाही. तुम्ही फक्त मालकांना अवघडल्याशिवाय विचारू शकता, आणि विचारावं. तोडणीचा दर यंदा किती? गेल्या वर्षी किती होता? पिकलेलं तेवढंच तोडायला लावता तर दिवसाची तोडणी कमी भरते, मग किलोचा दर वाढवून देता का? हा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. आपल्याला लाल-लाल फळांची गोड कॉफी हवी असते आणि तिचा खर्च पुष्कळदा त्या बाईच्या रोजातून निघतो. किलोऐवजी रोजावर पैसे देणारे मळे आहेत. तुमचे मालक तसं करत असतील तर मी होमस्टे, जीप सगळं माफ करून त्यांच्याकडूनच घेईन.

घरी कॉफी पिणाऱ्या पण कॅफे नसलेल्या वाचकांसाठी दोन वाक्यं. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचं) प्रमाण बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कायद्यानं ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे कॉफी म्हणून तुम्ही निम्मी मुळं विकत घेत असू शकता, आणि ते पैसे कुठल्याच मळ्यावर जात नाहीत. ज्या पाकिटावर मळ्याचं किंवा संस्थेचं नाव, हंगामाचं वर्ष आणि भाजल्याची तारीख असेल ते घ्या, आणि वर्षातून एकदा त्या रोस्टरला वरचा प्रश्न ईमेलनं विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो उत्तर तयार ठेवतो.

मेन्यूकार्डावर काय लिहायचं? 'शेतकऱ्यांना न्याय' वगैरे नको. त्या बाईचा फोटो तर अजिबात नको. तिला विचारून काढला असलात तरी नको, कारण तिला तुमचा मेन्यू दिसणार नाही. गावाचं किंवा तालुक्याचं नाव, हंगाम, आणि 'कच्च्या बियाला आम्ही किलोमागे इतके रुपये दिले' एवढी एक ओळ पुरे. दर वर्षी आकडा बदला. कमी झाला तरी छापा.

आणि येत्या डिसेंबरात अरेबिकाची तोडणी चालू असताना पुन्हा जा, या वेळी वडिलांना घेऊन. उन्हाळ कांद्याच्या लागवडीची घाई असेल, ते नाही म्हणतील. तरी चार दिवस काढायला लावा. संध्याकाळी वजनं चालू होतील तेव्हा त्यांना मालकांबरोबर व्हरांड्यात बसवू नका, काट्यापाशी उभं करा. भाषा येत नाही म्हणून काही अडणार नाही. काय बघायचं ते त्यांना सांगावं लागणार नाही, आणि रात्री खोलीत ते तुम्हाला जे सांगतील ते मलाही कळवा.